ऑटोमॅटिकचं तेल आणि वऱ्हाडातला उन्हाळा

अकोल्यात मे महिन्याच्या भर दुपारी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी तपासू नका. या महिन्याचं संपादकीय मुख्यतः एवढं सांगण्यासाठी आहे. ऐकायला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण या एका चुकीपायी धडधाकट गाड्यांचे क्लच जळतात आणि मग ‘ऑटोमॅटिक आपल्याकडे टिकतच नाही’ असं म्हणून सगळे मोकळे होतात.

वऱ्हाडात पिकअप म्हटलं की आजही बोलेरोच डोळ्यांपुढे येते. तुरीची पोती असोत की वरूड-मोर्शीचा संत्रा, पाच गिअरची ही गाडी आपल्या प्रत्येक मिस्त्रीच्या हातातली आहे. तिच्या गिअरबॉक्सचं तेल बदलायला कुणाला पुस्तक उघडावं लागत नाही. खालचं बूच काढायचं, जुनं तेल सोडायचं, बाजूच्या बुचातून डोकावेपर्यंत नवं भरायचं आणि बूच आवळायचं. गाडी गरम आहे की थंड, सकाळ आहे की दुपार, याने तिथे फारसं बिघडत नाही. अडचण अशी की हीच सवय आता ऑटोमॅटिकवर वापरली जाते आहे.

गाड्या बदलल्या आहेत. इसुझूच्या व्ही-क्रॉसला २०१९ मध्ये १.९ लिटर डिझेलबरोबर सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळाला. टोयोटाची हायलक्स जानेवारी २०२२ मध्ये भारतात आली, २.८ लिटर डिझेल आणि मॅन्युअल-ऑटोमॅटिक दोन्ही पर्याय घेऊन. थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांचे डिझेल ऑटोमॅटिकही याच जातीचे, टॉर्क कन्व्हर्टरवाले. वॉरंटी संपली की या गाड्या अमरावती-अकोल्यात आपल्याच दारात येणार. ऑटोमॅटिक नाजूक असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हायलक्सचे आकडे पाहावेत. तेच इंजिन मॅन्युअलबरोबर ४२० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि ऑटोमॅटिकबरोबर ५००. म्हणजे जास्तीचा जोर कंपनीने ऑटोमॅटिकवर टाकला आहे. डबा दणकट आहे. त्याला सांभाळायची रीत मात्र वेगळी आहे. (एएमटी हा प्रकार यात धरू नका. तो मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. त्याचं तेल वेगळं आणि त्याची कामंही वेगळी.)

मॅन्युअलमध्ये तेल दातांना वंगण देतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल इंजिनचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं, दाबाने क्लच आवळतं, व्हॉल्व्ह बॉडीतून गिअर बदलवतं, क्लचच्या पाट्यांना हवं तेवढंच घर्षण देतं आणि या सगळ्यातली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेतं. इथे तेल हाच एक सुटा भाग आहे. तो चुकीचा बसवला किंवा कमी पडला तर बाकीचे सगळे भाग चुकतात.

आता पातळीकडे येऊ. आजच्या बहुतेक ऑटोमॅटिकना डिपस्टिक नसते. चेंबरखाली ओव्हरफ्लोचं बूच असतं. इंजिन चालू ठेवून, तेल ठराविक तापमानाला आलं की ते बूच उघडायचं. तेलाची धार लागली तर ती बारीक होऊन थेंबांवर येईपर्यंत थांबायचं, मग बूच लावायचं. सहा गिअरच्या अनेक डब्यांत हे तापमान साधारण ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतं. नेमका आकडा त्या-त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात कुठे असतो? ४५ च्या आसपास, सावलीत. हायवेवरून आलेल्या गाडीचं तेल ८०-९० अंशांवर असतं. ती दोन तास उभी केली तरी डबा, एक्झॉस्ट आणि खालचा डांबरी रस्ता तिला ४५ च्या खाली येऊच देत नाहीत. गिऱ्हाईक तर डोक्यावर उभं असतं, “भाऊ, तेल टाकून द्या पटकन, मले संध्याकाळी धारणीले जा लागते.” मिस्त्री बूच उघडतो, भरपूर तेल बाहेर येतं, तो म्हणतो पातळी जास्त होती, बरं झालं. प्रत्यक्षात तेल तापून फुगलेलं असतं. १० लिटर तेल ४० अंशांनी तापलं की जवळजवळ ३०० मिलिलिटर वाढतं. ते वाढलेलं तेल त्याने जमिनीवर सोडलं. रात्री गाडी थंड झाली की डब्यात तेवढं तेल कमी. घाटात चढावर किंवा वळणावर तेल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि क्लच घसरायला लागतात. घसरणारा क्लच म्हणजे आणखी उष्णता. तिथून पुढची उतरण फार लवकर होते.

उपाय साधा आहे, फक्त गिऱ्हाइकाला समजवावा लागतो. काम दोन भागांत करा. संध्याकाळी गाडी घ्या. तेल कोमट असताना सोडा, तेव्हा ते नीट निथळतं. निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढंच नवं भरा. मग रात्रभर गाडी सावलीत उभी राहू द्या आणि सकाळी उजाडताच पातळी लावा. मे महिन्यातही पहाटे आपल्याकडे २८-३० अंश असतं, म्हणजे इंजिन चालू केल्यावर तेल त्या ठराविक तापमानातून हळूहळू वर चढताना सापडतं. ब्रेक दाबून लिव्हर पी-आर-एन-डी असं प्रत्येक जागी काही सेकंद ठेवा, परत पी वर आणा, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत राहा. थोडीच मिनिटं मिळतात, म्हणून पंप, तेल आणि नवा वॉशर आधीच हाताशी हवा. तापमान स्कॅनरवरच बघावं. चेंबरला हात लावून अंदाज घेणं बंद करा.

गाडी सपाट हवी, हे प्रत्येक मॅन्युअल सांगतं आणि हेच सर्वांत जास्त विसरलं जातं. पुढची चाकं जॅकवर आणि मागची जमिनीवर, अशा अवस्थेत लावलेली पातळी खोटी असते. खड्डा किंवा चार खांबांची लिफ्ट वापरा आणि चॅसीवर गवंड्याची पाणसळ ठेवून खात्री करा. शंभर-दीडशे रुपयांची पाणसळ हजारोंचं काम वाचवते. आणखी एक नियम: सोडायचं बूच उघडण्याआधी भरायचं बूच सुटतं का ते बघा. तेल सोडून बसलात आणि भरायचं बूच गंजून अडकलं असेल, तर गाडी तिथेच अडकते.

एकदा तेल सोडलं म्हणजे सगळं तेल बदललं, असं होत नाही. समजा डब्यात एकूण १० लिटर आहे. चेंबरमधून सुमारे ४ लिटर निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत अडकून राहतं. म्हणजे पहिल्या खेपेला ४० टक्के तेल नवं होतं, मध्ये गाडी थोडी चालवून दुसऱ्या खेपेला ६४, तिसऱ्या खेपेला ७८. हा हिशोब गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवा. एका खेपेचे पैसे घेऊन ‘पूर्ण तेल बदललं’ असं बिलावर लिहिणं आम्हाला मान्य नाही.

तेल कोणतं, यावर आम्ही जरा कठोरपणे बोलणार आहोत. पॉवर स्टिअरिंगसाठी आपल्या प्रत्येक गॅरेजात लाल तेलाचा डबा असतो, सगळे त्याला ‘टीक्यू’ म्हणतात. तेही ऑटोमॅटिकचंच तेल, म्हणून ते गिअरबॉक्समध्ये चालतं, हा समज धोक्याचा आहे. डेक्स्रॉन ३ हे मानक १९९३ चं, आणि त्याच्याही आधीच्या मानकाची तेलं अजून बाजारात आहेत. डेक्स्रॉन ६ आलं २००५ मध्ये, ते बरंच पातळ. टोयोटाचं डब्ल्यूएस त्याहूनही पातळ. व्हॉल्व्ह बॉडीतली बारीक छिद्रं, क्लचच्या पाट्यांचं घर्षण, सगळं त्या-त्या तेलावर बेतलेलं असतं. रंग लाल आहे यावरून काहीही सिद्ध होत नाही. डब्याच्या पाठीवर त्या गाडीचं मानक लिहिलेलं असेल तरच ते तेल घाला, आणि आपल्याकडे मिळत नसेल तर नागपूर-पुण्याहून मागवून दोन दिवस थांबा.

चेंबर उतरवलं की आधी चुंबक पाहा. मऊ, राखाडी चिखल असेल तर घाबरण्याचं कारण नाही, ती रोजची झीज आहे. बोटांत चिमटीने धरता येतील असे पोलादी कण, पितळी चकचकीत तुकडे किंवा क्लचच्या पाटीचा काळा चुरा दिसला, तर तिथेच थांबा. गिऱ्हाइकाला बोलावून चेंबर दाखवा, फोटो काढा. तेल काळं आणि जळकं वास मारत असेल, गाडी आधीच घसरत असेल, तर नव्या तेलाने ती बरी होणार नाही. हे काम हातात घेण्याआधी सांगायचं असतं. नंतर सांगितलेली तीच गोष्ट सबब वाटते. अशा दुर्लक्षित डब्यावर दाबाच्या मशीनने फ्लश मारू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षं बसलेली घाण उठते आणि व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन अडकते. थोडं थोडं सोडणं-भरणं बरं. चेंबरचे बोल्ट छोटे असतात, त्यांना टॉर्क पाना लावा. जोर करून आवळलं की चेंबरची कड वाकते आणि गॅस्केट गळतं.

कामाच्या आधी आणि नंतर स्कॅनर लावाच. पी०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप नीट लागत नाही, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, पी०२१८ म्हणजे तेल जास्त तापलं होतं. हा शेवटचा कोड सापडला, तर गिऱ्हाईक कितीही म्हणो की गाडी फक्त घर ते शेत चालते, त्याच्याकडून ओझ्याचा आणि रस्त्याचा खरा इतिहास काढून घ्या. काही गाड्यांत तेल बदलल्यावर शिफ्टचं शिकलेलं गणित पुन्हा शिकवावं लागतं. ते केलं नाही तर गाडी झटके देते आणि नाव तेलाचं खराब होतं.

या डब्यांवर आपल्या भागात ताण नेमका कुठे येतो, तेही बघायला हवं. अमरावती-अकोला हायवे बिचारा निर्दोष आहे. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीजमध्ये नोंद झाली, तो हाच राष्ट्रीय महामार्ग ५३. त्यावर एका वेगाने जाताना लॉकअप लागलेलं असतं, कन्व्हर्टर घसरत नाही, तेल थंड राहतं. ताण येतो परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या चढावर. भरलेली गाडी अकराशे मीटर उंचीवर वळणावळणाने चढते, लॉकअप लागतं-सुटतं, आणि कन्व्हर्टर तेवढा वेळ तेल घुसळत राहतो. दुसरा ताण पावसाळ्यात, काळ्या मातीत. गाडी रुतली की ड्रायव्हर डी आणि आर मध्ये झोके देतो, चाकं जागीच फिरतात. पाच मिनिटांचा तो खेळ कित्येक किलोमीटर घाटापेक्षा वाईट. फोर-लो लावा, चाकाखाली कुटार-पाचट टाका, नाहीतर ट्रॅक्टर बोलवा, हे गिऱ्हाइकाला सांगणं आपल्याच कामात येतं.

तिसरी गोष्ट मॅन्युअल लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावी: सरकी-कापूस. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कूलरच्या पंखांत तंतू अडकतात, त्यावर सोयाबीनच्या मळणीची धूळ बसते आणि पुढून नुसतं बघितलं तर जाळी स्वच्छच दिसते. दिवाळीनंतर आलेल्या प्रत्येक अशा गाडीचा कूलर इंजिनच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची नोजल जवळ धरली तर पंख वाकून काम आणखी बिघडेल. तेल दुधाळ गुलाबी निघालं तर रेडिएटरमधला कूलर फुटलाय किंवा नाल्याचं पाणी ब्रीदरमधून आत गेलंय. पाण्याने क्लचच्या पाट्यांचा डिंक सुटतो. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

टोचन करून आणलेल्या ऑटोमॅटिकबद्दल पूर्वीही लिहिलं आहे, पुन्हा लिहितो. इंजिन बंद असलं की डब्यातला पंप बंद. मागची चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढत आणली की डबा कोरडा फिरतो. चारही चाकं उचलून आणा, किंवा मागचा शाफ्ट सोडा, आणि फोर-बाय-फोर असेल तर मॅन्युअल वाचल्याशिवाय दोरी बांधू नका.

राहता राहिला ‘लाइफटाइम’ शब्द. काही मालकांना शोरूममध्येच सांगितलं जातं की या डब्याचं तेल कधी बदलावंच लागत नाही. पण बहुतेक मॅन्युअलमध्ये अवघड वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, आणि त्यात ओढणं, ओझं, धूळ, घाट ही कारणं दिलेली असतात. वऱ्हाडातली पिकअप यातल्या तीन अटी तरी रोज पूर्ण करते. तेल दर दहा अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, हा जुना ठोकताळा लक्षात घेता आमची शिफारस अशी: मॅन्युअलमध्ये त्याहून कमी अंतर दिलं नसेल, तर ओझ्याच्या किंवा घाटाच्या गाडीला ६० हजार किलोमीटरवर तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. मालक खर्चाला नाही म्हणेल. डबा खोलायचा खर्च लाखांत जातो, हे त्याला सांगा, आणि तरीही तो नाही म्हणाला तर जॉबकार्डवर तसं लिहून सही घ्या.

एक विनंती. आपल्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचं शिकणारी मुलं तुमच्याकडे उमेदवारीला येतात. त्यांना पाने पुसायला बसवण्याऐवजी एका ऑटोमॅटिकचं हे काम संध्याकाळपासून सकाळपर्यंत पूर्ण दाखवा. आणि प्रत्येक गाडीची नोंद ठेवा: मॉडेल, किलोमीटर, किती तेल निघालं, कसं निघालं, कोणतं भरलं, पातळी किती अंशांवर लावली. अमरावती आणि अकोल्याच्या गॅरेजांतून अशा नोंदी आमच्याकडे आल्या, तर गाडीच्या मालकाचं नाव वगळून त्यांचं कोष्टक आम्ही पावसाळ्यानंतरच्या अंकात छापू. पोस्टकार्डावर लिहिल्या तरी चालतील.