जुनी पिकअप घेणाऱ्या शेतकरी बंधूंस

टोमॅटो, कांदा किंवा भाजीपाला पिकविणाऱ्या शेतकऱ्यास स्वतःच्या मालकीची पिकअप असावी असें वाटणें अगदीं रास्त आहे. भाड्याच्या गाडीची वाट पाहतां पाहतां तोडलेला माल बांधावर तापत पडतो, आणि पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत लिलाव आटोपल्यावर पोहोंचलेल्या टोमॅटोस कोणी विचारीत नाहीं. नव्या गाडीइतकें भांडवल प्रत्येकाजवळ नसतें, म्हणून जुनी घ्यावी लागते. यांत कमीपणा नाहीं, आणि आमच्या मतें तोटाही नाहीं. तोटा होतो तो गरम इंजिन पाहून विसार दिल्यानें, व पुढें गाडी अडली म्हणजे दोष शोधण्यापूर्वीं सुटे भाग विकत घेतल्यानें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्यानें दाबलेली हवा इतकी तापते कीं तींत सोडलेलें डिझेल आपोआप पेट घेतें. दट्ट्याच्या कड्या झिजल्या असतील, बॅटरी मंद असेल, किंवा हीटर प्लग जळले असतील, तर थंड इंजिनांत ही उष्णता पुरेशी उत्पन्न होत नाहीं. इंजिन एकदां तापलें म्हणजे मात्र हे सारे दोष झांकून जातात. विकणारा हें पक्कें जाणतो. गिऱ्हाईक येण्यापूर्वीं तो गाडी चार मैल फिरवून आणतो. यास्तव आदल्या दिवशीं निरोप द्यावा कीं, सकाळीं सहा वाजतां येतों, तोंपर्यंत गाडीस हात लावूं नये. गेल्यावर प्रथम बॉनेट उघडून इंजिन चांचपावें. तें कोमट लागलें तर चहा अवश्य घ्यावा, पण सौदा न करितां परतावें. निफाडकडील पौषांतील पहांट या कामीं उत्तम. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. थोडक्या फेऱ्यांत इंजिन पेटलें व पांढरा धूर लवकर निवळला, तर प्रकृति बरी समजावी. तेलाचें टोपण सैल केल्यावर भपभप धूर येऊं लागला, तर कड्या गेल्या असें धरावें. हा खर्च मोठा. विकणाऱ्याच्या हातीं स्टार्टिंग स्प्रेचा डबा दिसला, तर अधिक पाहणी नकोच. तापलेल्या हीटर प्लगशीं त्या वायूची गांठ पडली तर इंजिन फुटण्याचें भय असतें.

परंतु या परीक्षेंत अडखळलेली प्रत्येक गाडी टाकाऊच असते असें नाहीं. दोष तारेचा आहे कीं इंजिनाचा, हें ज्यास ओळखतां येतें त्यास तीच गाडी रास्त भावांत मिळते. आमच्या भागांतील एका बागाईतदारानें एकाच हंगामांत दोन बॅटऱ्या व एक सेल्फ बदलला. अखेर दोष निघाला तो इंजिन व चेसिस यांस जोडणाऱ्या अर्थिंगच्या गंजलेल्या पट्टींत! मिस्त्री सारेच लबाड असतात असें आम्ही म्हणत नाहीं. आपण त्यांस 'गाडी चालू होत नाहीं' एवढेंच सांगतों, मग तेही अंदाजानें भाग बदलीत जातात.

म्हणून प्रथम कान द्यावा. चावी फिरवितां 'टकटकटक' असा आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते, किंवा तिच्या खुंट्यांवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला असतो. तो गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनीं धुवावा. व्होल्ट मोजण्याचें लहानसें यंत्र प्रत्येक गाडीवाल्यानें बाळगावें. रात्रभर विसांवलेली भरली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दिसल्यास ती अर्धीच भरलेली समजावी. सेल्फ मारतांना हा आंकडा ९.५ च्या फार खालीं गेला तर बॅटरीचा संशय घ्यावा. बॅटरी चांगली असून सेल्फ रडत असेल, तर यंत्राची एक सुई बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूस लावून सेल्फ मारवावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास अर्थिंग खराब. वरील बागाईतदाराचें काम या एका मापानें झालें असतें.

एकच 'टक्' होऊन सर्व शांत झालें, तर पुढचे दिवे लावून पुन्हां चावी फिरवावी. दिवे अगदीं मंदावले तर सेल्फ अडकला आहे किंवा जोड सैल आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर सेल्फपर्यंत वीजच पोहोंचत नाहीं.

सेल्फ जोरानें फिरतो पण इंजिन पेटत नाहीं, अशा वेळीं सायलेन्सरकडे पाहावें. पांढरा धूर निघतो म्हणजे डिझेल येत आहे, पेटत मात्र नाहीं. तेव्हां हीटर प्लग पाहावे. धूर मुळींच नसेल तर डिझेल येत नाहीं. दिवसभर बिनतक्रार चालणारी व रोज सकाळीं अडणारी गाडी बहुधा नळींतून हवा ओढीत असते. रात्रीं डिझेल टाकींत मागें उतरतें. फिल्टरवरील हातपंप कडक होईपर्यंत दाबावा. त्यानें गाडी लगेच सुरू झाली, तर रबरी नळी व तिच्या पट्ट्या तपासाव्या. काम थोडक्यांत भागतें. फिल्टरच्या तळाचें पाणी पावसाळ्यांत वरचेवर सोडावें. मात्र कॉमन रेल इंजिनाच्या इंजेक्टरच्या नळ्या घरीं सैल करूं नयेत. त्यांतील दाब वातावरणाच्या हजारपटींहून अधिक असतो, व डिझेलची धार कातडी भेदून आंत शिरते.

सौदा ठरला म्हणजे कागद. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य फेरफाराच्या नोंदी करण्यांत गेलें, त्यामुळें याविषयीं बोलल्यावांचून राहवत नाहीं. सातबाऱ्यावर इतर हक्कांत जसा बोजा असतो, तसा आर. सी.वरही कर्जाचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सहीचा फॉर्म ३५ व तिचा दाखला यांवांचून तो उतरत नाहीं. चेसिस व इंजिन यांचे क्रमांक कागदाशीं अंकवार ताडावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचें पासिंग दरवर्षीं करावें लागतें, त्याची मुदत पाहावी. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन ते फडताळांत ठेवणारे पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५० अन्वयें घेणारानें ३० दिवसांत आपलें नांव लावण्यास कळविलें पाहिजे. विम्यासाठीं कलम १५७ ची मुदत १४ दिवसांचीच आहे. ज्याच्या नांवें नोंदणी तोच मालक, व अपघाताच्या भरपाईचा भारही त्याच्यावर, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ठरविलें आहे. तेव्हां आपलें नांव लवकर उतरावें ही निकड विकणारासही असते. हें त्यास समजावून सांगावें, व नवी आर. सी. हातीं येईपर्यंत किंमतीचा कांहीं भाग, उभयतांच्या सहीनें तसें लिहून ठेवून, आपल्याकडे राखावा.