तुकड्यातुकड्यांची झोप

रात्री सलग सात-आठ तास झोपण्याऐवजी दर चार तासांनी वीस मिनिटांची डुलकी घ्यायची. दिवसाला सहा डुलक्या, म्हणजे एकूण झोप दोन तास आणि उरलेले बावीस तास कामाला मोकळे. ‘उबरमॅन’ या नावाने ओळखले जाणारे हे वेळापत्रक अधूनमधून चर्चेत येते. त्याचा थोडा सौम्य प्रकार ‘एव्हरीमॅन’: रात्री तीन तासांची झोप आणि दिवसभरात वीस-वीस मिनिटांच्या तीन डुलक्या. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना आणि रात्री जागून काम करणाऱ्यांना त्याचा मोह पडणे साहजिक आहे. चार दिवस सवय होईपर्यंत त्रास, मग शरीर जुळवून घेते, असे त्याचे समर्थक सांगतात.

शरीर खरेच जुळवून घेते का, हे पाहायला प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, आष्टी या तालुक्यांतून दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या हद्दीत, कोपी घालून, चार ते सहा महिने ही माणसे तुकड्यातुकड्यांनीच झोपतात. फरक एवढाच, की हे वेळापत्रक त्यांनी निवडलेले नसते.

ते ठरते कारखान्याच्या गतीवर. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटते, साखरेचा उतारा कमी होतो. म्हणून तोडणीनंतर शक्यतो चोवीस तासांत तो गाळला जावा असा प्रयत्न असतो आणि हंगामात गाळप रात्रंदिवस चालते. कारखान्याच्या आतला कामगार तीन पाळ्यांत विभागलेला आहे. त्याची पाळी संपली की दुसरा येतो. फडातल्या कामगाराला मात्र पाळी नाही. पहाटे तोडणीला जायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि ट्रक किंवा ट्रॅक्टर येईल तेव्हा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत तो भरायचा. वाहन संध्याकाळी येईल, रात्री अकराला येईल किंवा दोनला, याचा नेम नसतो. बैलगाडीवाल्यांचे आणखी वेगळे. गाडी कारखान्यावर न्यायची, नंबर लागेपर्यंत रांगेत थांबायचे, रिकामी करून परतायचे. परतीच्या वाटेवर बैल ओळखीच्या रस्त्याने चालत राहतात आणि गाडीवान गाडीतच डोळे मिटतो. एक झोप रांगेत, एक गाडीत, उरलेली कोपीत.

झोप तुकड्यांत घेणे ही गोष्ट मुळात अनैसर्गिक आहे, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकी इतिहासकार रॉजर एकर्च यांनी जुन्या युरोपातल्या नोंदी तपासून दाखवले, की विजेच्या दिव्यांपूर्वी तिथले लोक ‘पहिली झोप’ आणि ‘दुसरी झोप’ अशी रात्रीची विभागणी करत आणि मधला तास-दोन तास जागे असत. थॉमस वेर या संशोधकाने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काही जणांना रोज चौदा तास अंधारात ठेवले, तेव्हा काही आठवड्यांत त्यांचीही झोप दोन भागांत विभागली गेली. आपल्याकडची वामकुक्षी तर सर्वांच्या परिचयाची. पण या सगळ्या उदाहरणांत रात्र लांब आहे आणि झोपेची एकूण बेरीज भरते आहे. उबरमॅन आणि ऊसतोड या दोन्हींत ती बेरीजच भरत नाही. खरी अडचण तुकड्यांची नाही, तासांची आहे. आणि ते तास घड्याळात कुठे पडतात याची आहे.

अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडलेली झोपेची उपपत्ती आजही पायाभूत मानली जाते. तिच्यानुसार झोपेवर दोन गोष्टींचे नियंत्रण असते. जितका वेळ जागे राहावे तितका झोपेचा दाब वाढत जातो, ही एक. दुसरी म्हणजे शरीरातले जैविक घड्याळ. ते दाबाची पर्वा न करता आपल्या वेळेनेच चालते. त्यामुळे पहाटे तीनला जागे राहणे जड जाते आणि सकाळी दहाला दमलेल्या माणसालाही सलग झोप लागत नाही. रात्रीची झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत चालते. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त. शरीराच्या वाढीशी आणि डागडुजीशी संबंधित संप्रेरक मुख्यतः तेव्हा स्रवते. पहाटेच्या फेऱ्यांत स्वप्नांची झोप जास्त. वीस मिनिटांत अशी एकही फेरी पूर्ण होत नाही. झोपेला मुकलेले शरीर डोळे मिटताच गाढ झोपेकडे धाव घेते, ही त्याची निकड असते. प्रयोग करणारे तिलाच ‘सवय झाली’ असे समजतात.

या ‘सवयी’चा बुरखा फाडणारा प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिले. चार आणि सहा तासवाल्यांचे लक्ष आणि स्मरण दिवसेंदिवस घसरत गेले. दोन आठवड्यांनी सहा तासवाल्यांची अवस्थाही एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली होती. पण ‘झोप येते आहे का’ असे विचारले, तर काही दिवसांनंतर त्यांची तक्रार फारशी वाढत नव्हती. शरीराने जुळवून घेतले नव्हते, जाणीव बोथट झाली होती. ‘आम्हाला सवय आहे’ हे वाक्य कोणत्याही कोपीत ऐकायला मिळेल. ते ऐकताना हा प्रयोग आठवावा. हाती धारदार कोयता असतो आणि डोक्यावर मोळी घेऊन अंधारात चढायचे असते.

अमेरिकेतल्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञगटाने 2021 मध्ये अशा वेळापत्रकांवरचे उपलब्ध संशोधन तपासले. त्यांचा फायदा दाखवणारा पुरावा मिळाला नाही. आरोग्य आणि कामगिरीवर दुष्परिणाम मात्र दिसले. वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर दर सहा तासांनी अर्धा तास झोपत, अशी बातमी ‘टाइम’ साप्ताहिकाने 1943 मध्ये दिली होती. तिचा दाखला अजून दिला जातो. त्याच बातमीत पुढे असेही होते, की बरोबर काम करणारे इतर लोक नेहमीसारखे झोपत, म्हणून त्यांना हा प्रयोग सोडावा लागला. फुलर यांना तो सोडता आला.

मग छोट्या डुलकीला काहीच अर्थ नाही का? इथे एक भारतीय अभ्यास फार उपयोगाचा आहे. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या 452 लोकांच्या झोपेची मोजणी मनगटावरच्या उपकरणाने झाली. हा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसे रात्री आठ तास अंथरुणात असत, पण त्यांची प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांच्या आसपास भरली. उकाडा, डास, गोंगाट, पुन्हा पुन्हा जाग. त्यांना चांगली साधने, सल्ला आणि बक्षिसे देऊन रात्रीची झोप सुमारे सत्तावीस मिनिटांनी वाढवली, तरी कामात किंवा प्रकृतीत फारसा फरक दिसला नाही. तुटक झोप थोडी लांबली, पण तुटकच राहिली असावी. कामाच्या जागी शांत कोपऱ्यात दुपारी अर्धा तास झोपू दिले, तेव्हा मात्र कामाचा वेग, लक्ष आणि मनाची स्थिती सुधारली. डुलकी रात्रीच्या जोडीला असेल तर लाभते, रात्रीच्या बदल्यात नाही.

ऊसतोडीत दुपारच्या या अर्ध्या तासाला पैशात किंमत मोजावी लागते. मजुरी टनावर आहे, हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची असते आणि खाड्याचा दंड वेगळा. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, मुकादमांचे कमिशनही वाढले. ती वाढ गरजेचीच होती. पण दर वाढला म्हणून गाडी भरण्याची वेळ ठरत नाही. तोडणीचा कार्यक्रम कारखान्याची शेतकी विभागाची माणसे आखतात आणि वाहनांचे नंबरही तिथेच लागतात. गाडी फडात अमुक वेळेपर्यंतच येईल, त्यानंतर आली तर सकाळी भरली जाईल, एवढे बंधन घालायला नवे यंत्र लागत नाही. रात्रीच्या गाळपासाठी दिवसा भरलेली वाहने यार्डात उभी ठेवता येतात. कारखान्यांचे म्हणणे असे असेल की वाहने अपुरी आहेत आणि फेऱ्या बसत नाहीत. हा हिशेब खरा असेलही, पण त्यातली तूट सध्या मजुराच्या झोपेतून भरून काढली जाते.

गावी राहिलेल्यांचीही रात्र पूर्ण नसते. शेतीपंपांना थ्री-फेज वीज आलटून-पालटून दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीचा फेरा आला की दारे धरायला मध्यरात्री उठायचे, अंधारात विंचू-सापाची भीती घेऊन. 2017 पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतीला दिवसा वीज देणे हा आहे. तिची चर्चा मेगावॉट आणि अनुदानात होते, पण ती जितकी पुढे जाईल तितक्या शेतकऱ्यांना त्यांची रात्र परत मिळेल.

ऊसतोड महिलांच्या आरोग्याकडे राज्याचे लक्ष 2019 मध्ये गेले. बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हंगामाच्या आधी आणि नंतर आरोग्य तपासणीचा विषय तेव्हापासून चर्चेत आहे. त्या तपासणीत रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या शेजारी ‘काल रात्री किती तास झोपलात, किती वेळा उठलात’ हे दोन प्रश्न घालायला खर्च येत नाही. ते नवरा-बायकोला वेगवेगळे विचारावे लागतील. ‘एक कोयता’ म्हणून दोघांची मजुरी एकत्र मोजली जाते, झोप मात्र सारखी नसते. रात्री एकला गाडी भरून दोघे एकदमच कोपीत परततात; पहाटे तीन-चारला पाणी आणायला, भाकरी थापायला आणि पोराला पाजायला ती आधी उठते.