हामिदचा जामिद

माझी भाची घरी बसून निकाहच्या पत्रिका तयार करते. उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांत. गेल्या वर्षी रमजान ईदनंतर लग्नांची गर्दी सुरू झाली आणि ओळखीतल्या एका घरून फोन आला, "बेटी, उद्या सकाळी प्रेसला द्यायचंय. घरचंच काम आहे, पैशाचं जरा बघ." तिनं ५०० रुपये सांगितले आणि रात्री दोनपर्यंत बसली. ३०० पत्रिका छापून आल्या, तेव्हा नवऱ्या मुलाचा हामिदऐवजी जामिद झाला होता. उर्दूत बडी हेच्या पोटात एक नुक्ता पडला की तिचा जीम होतो. जामिद म्हणजे गोठलेला! नंतर आम्ही हसलो, पण त्या दिवशी पोरगी रडत होती. पुन्हा छापण्याचा खर्च तिनंच भरला.

हात तिचा चांगला आहे. चूक झाली ती फोनवर. स्वस्त, झटपट आणि सुबक, गिऱ्हाइकाला तिन्ही हवं असतं. त्यातलं कुठलंही दोनच मिळेल, असं या धंद्यात म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. गिऱ्हाईक स्वस्त आणि झटपट निवडून मोकळं होतं, आणि चुकीची पत्रिका ३०० घरांत जाते. म्हणून दर्जा बोलणीत आणायचाच नाही. घासाघीस करायची ती पैशांची आणि दिवसांची.

आता तिचा दर ठरलेला आहे. आठ दिवसांत १५०० रुपये, तीन दिवसांत २५००. एका रात्रीत करून देत नाही. निम्मे पैसे आधी. दोनदा दुरुस्ती फुकट, पुढच्या प्रत्येक वेळी वेगळे पैसे. आठ दिवस कशाला, असं लोक विचारतात. उर्दू मजकूर तिचे नाना चष्मा लावून वाचतात, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. नस्तालीक अक्षरं कर्व्ह करूनच फाइल प्रेसला द्यावी लागते, नाहीतर तिथल्या संगणकात तो फॉन्ट नसला की अक्षरं तुटतात. मोबाइलवर झगमगणारा हिरवा रंग कागदावर मळका उतरतो, म्हणून एक नमुना छापून बघावा लागतो. शेवटी घरातल्या मोठ्यांनी "छापा" असं लिहून पाठवल्याशिवाय फाइल जात नाही.

कुणाकडे खरंच पैसे कमी असतील तर? तयार नमुन्यात नावं बदलून ७०० रुपयांत देते. कलाकुसर कमी होते, पण नानांचं वाचन कमी होत नाही.

नातेवाइकांचं मात्र अवघड. बहिणीच्या दिराला दर कसा सांगायचा? माझं मत, एकतर पूर्ण पैसे घ्यावेत किंवा अहेर म्हणून फुकट द्यावं. निम्म्या दरात दोघांच्याही मनात कुरकुर राहते. आणि अहेराच्या कामालाही आठ दिवस हवेतच.

परवा त्याच घरून पुन्हा फोन आला, धाकट्याच्या निकाहसाठी. तीन दिवसांत हवी म्हणाले. तिनं २५०० सांगितले. पलीकडे जरा वेळ शांतता होती.

मग विचारलं, "आणि आठ दिवसांत दिलीस तर, बेटी?"