घड्याळ बंद पडलं तर?

मी कलाशाखेचा पदवीधर, पोटासाठी सरकारी कारकून. तरीही आज जिवाणूंच्या घड्याळावर लिहितोय. हा विषय केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून आपण मोकळं होऊ नये, असं माझं मत आहे.

सन २००० मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल एलोविट्झ आणि स्टानिस्लास लायब्लर यांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूत तीन जनुकं बसवली. पहिलं दुसऱ्याला दाबतं, दुसरं तिसऱ्याला आणि तिसरं पुन्हा पहिल्याला. कचेरीतली तीन टेबलं डोळ्यांपुढे आणा. पहिलं जोरात असलं की दुसरं अडतं. दुसरं अडलं की तिसरं मोकळं होतं आणि ते पहिल्याला अडवतं. मग दुसरं सुटतं. असं हे रहाटगाडगं! त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं होतं. ते साधारण अडीच-पावणेतीन तासांच्या फेऱ्यानं उजळायचं नि मावळायचं. कुठलं जनुक केव्हा जागं व्हावं, हे माणसानं ठरवलं होतं!

हा नुसता खेळ राहिला नाही. २०१६ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जेफ हेस्टी यांच्या चमूनं साल्मोनेला जिवाणू असे घडवले की त्यांची पुरेशी गर्दी झाली की बहुतेक सगळे एकदम फुटतात आणि आतलं औषध बाहेर पडतं. उरलेले पुन्हा वाढतात, पुन्हा फुटतात. यकृतात कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना केमोथेरपीच्या जोडीनं हे जिवाणू दिले, तेव्हा ते जास्त जगले.

पण खरी मेख पुढेच आहे. असं घड्याळ जिवाणूला ओझं असतं. एखाद्या पेशीत बदल होऊन ते बंद पडलं, तर ती हलकी होते, भराभर वाढते आणि काही पिढ्यांत तिचीच प्रजा उरते. २०१९ मध्ये याच चमूनं त्यावर तोड काढली. एकमेकांना मारणारे तीन वाण घेतले आणि एक बिघडण्याआधीच त्याच्या जागी दुसरा आणायचा, असं ठरवलं. आमच्या भाषेत, वेळच्या वेळी बदली!

या संशोधनाला माझा विरोध नाही. कर्करोगावर औषध मिळत असेल तर कोणाला नको आहे? पण असा जीव माणसाच्या पोटात किंवा शेतात सोडायची वेळ येईल, तेव्हा तो किती गुणी आहे याच्या आधी, त्याचं घड्याळ बंद पडलं तर काय, हे विचारलं पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी १९८९ चे नियम आहेत, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची समिती आहे. मात्र नियम कागदावर निजून असतो. विचारणारा आला की तो जागा होतो, हे कारकुनाइतकं कोणाला ठाऊक?

आणि विचारायचं तर आधी कळायला हवं, तेही आपल्या भाषेत. जनुक, प्रथिन, जिवाणू हे शब्द मराठीत कधीचे आहेत. ते परीक्षेपुरते न ठेवता आपण बोलण्यात आणूया. नाहीतर निर्णय होऊन जाईल आणि आपल्याकडे फक्त त्याची प्रत येईल.