मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर : आधी जोडी जुळवा

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ आपल्याकडे एक मागणी येते. पूर्वी सायकल असे, मग मोटारसायकल आली, आता गेमिंगचा कॉम्प्युटर. परवा मंगळवार पेठेतल्या आमच्या भिशीत एका वहिनींनी पिशवीतून कागद काढला. मुलानं लिहून दिलेली यादी होती ती. म्हणाल्या, "पैसे माझ्या भिशीचे, आणि ह्यातलं एक अक्षर मला कळत नाही. दुकानात जाऊन नुसती मान डोलवायची का ओ?"

मुळीच डोलवू नका. यादीतल्या पहिल्या दोन ओळी तेवढ्या समजून घ्या : प्रोसेसर आणि मदरबोर्ड. प्रोसेसर म्हणजे सगळा हिशेब करणारी चौकोनी चकती, आणि मदरबोर्ड म्हणजे ती चकती, रॅम, ग्राफिक्स कार्ड वगैरे सगळं ज्याच्यावर बसतं ती पाटी. बाकीच्या वस्तू मागाहून बदलता येतात. ही जोडी चुकली तर मात्र सगळंच उपसावं लागतं.

आतल्या झाकणाच्या कुकरला बाहेरचं झाकण बसतं का? तसंच हे. प्रोसेसर बसण्याच्या खाचेला सॉकेट म्हणतात. इंटेल कंपनीच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरना १७०० क्रमांकाचं सॉकेट लागतं. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला १८५१ क्रमांकाचं. एएमडी कंपनीचं जुनं सॉकेट एएम-४, तर २०२२ पासूनचं एएम-५. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

पण बसला म्हणजे चालला, असंही नाही हं! माझ्या भाच्याचीच गोष्ट सांगते. त्यानं एका ओळखीच्या दुकानातून बी-४५० जातीचा जुना शिलकी बोर्ड स्वस्तात घेतला आणि त्यावर रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसवला. दोन्ही एएम-४, छान बसले. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. दुकानदार म्हणाला प्रोसेसर खराब. पंधरा दिवस हेलपाटे! शेवटी कळलं की प्रोसेसर धडधाकट होता. बी-४५० बोर्ड २०१८ चा, प्रोसेसर त्याच्या नंतर जन्मलेला. बोर्ड त्याला ओळखतच नव्हता. बोर्डाच्या पोटात बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, तो नवा भरला आणि यंत्र सुरू झालं. म्हणून दुकानात विचारा, "ह्या बोर्डातला बायोस ह्या प्रोसेसरला ओळखतो का?" बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तमच. प्रोसेसर न चालताही पेन ड्राइव्हवरून नवा बायोस त्यात भरता येतो.

आता कोणती जोडी? शून्यापासून सगळं नवं घ्यायचं असेल तर मी एएम-५ घेईन. रायझन ५ ७६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर आणि बी-६५० जातीचा बोर्ड. हे सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असं एएमडीनं जाहीर केलेलं आहे. म्हणजे तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून भागेल. पण एएम-५ ला डीडीआर-५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे काही भडकले की विचारू नका! घरात जुन्या यंत्राची चांगली डीडीआर-४ रॅम पडून असेल तर एएम-४ चा बोर्ड घेण्यात कमीपणा काही नाही. इंटेलच्या १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारच्या रॅमचे निघाले. मात्र कुठला कुठल्या रॅमचा ते वाचून घ्या. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

पोरं आय-९ साठी हट्ट धरतात. खेळाचं जड काम बहुतेक ग्राफिक्स कार्ड करतं. प्रोसेसर मधला घ्या आणि वाचलेले पैसे कार्डात घाला. नावाच्या शेवटचं अक्षरही बघा. एफ असेल तर वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येणार नाही. कार्ड दिवाळीला घेऊ म्हणत असाल तर रायझनमधला जी वाला बघा, त्यावर हलके खेळ चालतात. इंटेलचा के वाला महाग असतो, आणि त्याचा वेग वाढवायला झेड जातीचा बोर्ड लागतो. साध्या एच-६१० बोर्डावर तो बसवणं म्हणजे पैठणी नेसून भांडी घासणं. इंटेलचा १३-१४ व्या पिढीचा जुना प्रोसेसर कुणी स्वस्तात देत असेल तर जरा जपून. त्यातल्या पुष्कळशा मोठ्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा दोष असल्याचं २०२४ मध्ये उघड झालं. कंपनीनं वॉरंटी दोन वर्षं वाढवली, बायोसमधून दुरुस्तीही दिली, पण आधीच झिजलेला प्रोसेसर काही सुधारत नाही.

प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा. त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा दिला तर कंपनीची ती वॉरंटी सहसा मिळत नाही. जीएसटीच्या बिलावर दोन्ही वस्तूंचे सीरियल नंबर लिहून घ्या. बोर्डाचं खोकं काउंटरवरच उघडायला लावा आणि सॉकेटमधल्या बारीक पिना उजेडात बघा. इंटेल आणि एएम-५ मध्ये पिना बोर्डावर असतात, एएम-४ मध्ये प्रोसेसरला. एखादी वाकलेली दिसली तर तिथंच परत करा, घरी आल्यावर कोणी ऐकत नाही. आणि शाहूपुरीकडच्या मैत्रिणींनो, २०१९ आणि २०२१ चं पंचगंगेचं पाणी आठवतंय ना? कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, टेबलावरच ठेवा.