आपल्या पोरांचा ब्रिज कोर्स कोण घेणार?

निकाल लागले की आपल्या वस्त्यांत गुणगौरव सोहळ्यांचा हंगाम सुरू होतो. जमातखान्यात मंडप पडतो, दहावी-बारावीच्या पोरांना ट्रॉफी आणि स्कूलबॅग मिळते, नगरसेवक बोलतात, मौलाना दुआ करतात. मग कोणीतरी वक्ता अल-ख्वारिझ्मीचे नाव घेतो. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून त्याने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला, हे ऐकून टाळ्या पडतात. त्याच मंडपात मागच्या खुर्च्यांवर बावीस-तेवीस वर्षांची, बीए-बीकॉम झालेली पोरे-पोरी बसलेली असतात. त्यांना स्टेजवर कोणी बोलावत नाही. सोहळा संपल्यावर त्यातला एखादा धीर करून विचारतो, "सर, आयटीत जायचं आहे, काय करू?" आणि आपले हितचिंतक बिनदिक्कत सांगून मोकळे होतात, "अरे, सहा महिन्यांचा कोर्स कर, पॅकेज मिळेल."

या सल्ल्याविरुद्ध मला बोलायचे आहे.

पुण्यात डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत असे कोर्स विकणाऱ्या पाट्या लागलेल्या आहेत. जावा, टेस्टिंग, डेटा सायन्स, आता एआय. 'शंभर टक्के नोकरीची हमी' मोठ्या अक्षरांत आणि 'सहाय्य' हा शब्द बारीक अक्षरांत. वालिद कर्ज काढतात, अम्मी दागिना मोडते. सहा महिन्यांनी पोराच्या हातात प्रमाणपत्र येते. मुलाखतीत त्याला विचारतात, हे क्वेरी चालायला वेळ का लागतोय? तो गप्प बसतो. क्वेरी पाठ करून लिहायला त्याला शिकवले होते. डेटाबेस आत काय करतो, इंडेक्स म्हणजे काय, हे शिकवायला त्या क्लासकडे ना वेळ होता ना माणूस. पोरगा मठ्ठ नसतो, त्याच्याकडे पाया नसतो.

"पण सीडॅकचा कोर्सही सहाच महिन्यांचा असतो ना?" असे विचारणारे भेटतात. असतो, आणि चांगला असतो. पण त्या डीएसी अभ्यासक्रमाची पात्रता एकदा वाचा. अभियांत्रिकीची पदवी, एमसीए किंवा तशीच गणित-विज्ञानाची पदव्युत्तर पदवी लागते. म्हणजे जो पाया आधीच घालून आला आहे, त्याच्यासाठी ते सहा महिने आहेत. बीए झालेल्या पोराला तिथे प्रवेश परीक्षेलाही बसता येत नाही. सल्ला देणाऱ्यांना हे ठाऊक नसते, आणि माहिती काढायची तसदी ते घेत नाहीत.

मग रस्ता उरतो एमसीएचा. ही पदवी मुळात अशाच पोरांसाठी होती. दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्या माणसाला संगणकशास्त्रात आणायचे, म्हणून ती तीन वर्षांची होती. बीसीए करून आलेले थेट दुसऱ्या वर्षाला बसत. पहिले वर्ष नवख्यांचे. २०२०-२१ पासून ती सगळ्यांसाठीच दोन वर्षांची झाली. कारण सांगितले गेले की येणारे बहुतेक आता बीसीए आणि बीएस्सी संगणकवालेच असतात. असतील. पण वर्ष कापले गेले ते नवख्यांचे. आधी बारावीला किंवा पदवीला गणित हवेच, असा नियम होता. तो आता 'शक्यतो गणित' इतका सैल झाला आहे आणि गणित नसलेल्यांना ब्रिज कोर्स सक्तीचा आहे. कागदावर दार पूर्वीपेक्षा मोठे झाले. आत गेल्यावर मात्र बीएवाली मुलगी बीसीएवाल्याच्या शेजारी बसते. तो तीन वर्षे कोड लिहून आलेला, आणि तिने पॉइंटर हा शब्दही ऐकलेला नाही. पहिल्याच सत्रात लिंक्ड लिस्ट, ट्री, रिकर्शन येते. ब्रिज कोर्स कसा घ्यायचा हे विद्यापीठ आणि कॉलेजवर सोडलेले आहे. बऱ्याच ठिकाणी तो चार-दोन शनिवारी उरकतात आणि उपस्थितीच्या सह्या घेतात.

यात आपल्या पोरांचे दुहेरी नुकसान आहे. उर्दू माध्यमात दहावीपर्यंत ज्याने मुसल्लस, मसावात आणि जज़र या शब्दांत गणित शिकले, त्याच्यापुढे अकरावीला तेच गणित एकाएकी इंग्रजीत येते. तो घाबरून आर्ट्स घेतो. पोरींचे तर बहुतेकदा घरातूनच ठरते, जवळचे कॉलेज, आर्ट्स, मग लग्नाचे बघू. त्यांची अक्कल कमी होती म्हणून गणित सुटले, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा उर्दू शाळेतल्या नववीच्या वर्गात जाऊन बसावे.

सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवले आहे, की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान, आणि पदव्युत्तरच्या पन्नासात एक. २०११ च्या जनगणनेत आपण १४.२ टक्के. उच्चशिक्षणाच्या सरकारी पाहणीत २०२०-२१ मध्ये आपला वाटा ४.६ टक्के. आदल्या वर्षी २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते, ते एका वर्षात १९ लाख २० हजारांच्या आसपास आले. ते कोरोनाचे वर्ष होते हे मान्य. पण त्याच वर्षी देशातली एकूण विद्यार्थिसंख्या वाढली. सरकारला जाब विचारायलाच हवा, आणि मी विचारत आलो आहे. आज मात्र जाब आपल्या संस्थांना आहे.

कारण ब्रिज कोर्स घ्यायला सरकारने आपल्याला अडवलेले नाही. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून उभी आहे. पुण्यात आझम कॅम्पस आहे, औरंगाबादेत रफिक झकेरियांनी उभे केलेले मौलाना आझाद कॉलेज आहे. गावोगावचे लहान ट्रस्ट वेगळेच. अनेकांकडे संगणक प्रयोगशाळा आहेत आणि संध्याकाळी पाचला त्यांना कुलूप लागते. जकातीचा आणि देणगीचा पैसा येतो. तो नीटच्या कोचिंगवर जातो, आयएएस अकादमीच्या फ्लेक्सवर जातो, लॅपटॉप वाटतानाच्या फोटोवर जातो. नीटला माझा विरोध नाही. पण डॉक्टर होणारी पोरे मूठभर आहेत, आणि बीए-बीकॉम होऊन डिलिव्हरीच्या गाड्या चालवणारी हजारो आहेत. त्यांच्यासाठी एका तरी संस्थेच्या अंदाजपत्रकात ओळ आहे का?

बाहेर हे काम गांभीर्याने होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची एमसीआयटी ही पदव्युत्तर पदवी संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्यांसाठीच आहे, आणि २०१९ पासून ती ऑनलाइनही मिळते. ब्रिटनमध्ये अशा मास्टर्सना कन्व्हर्जन कोर्स म्हणतात. २०२० पासून तिथल्या सरकारने एआय आणि डेटा सायन्सच्या अशा कोर्ससाठी स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि अपंग विद्यार्थ्यांना दहा-दहा हजार पौंडांच्या शिष्यवृत्त्या दिल्या. ती माणसे उशिरा आली आहेत हे धरूनच तिथे अभ्यासक्रम बांधला जातो. आपल्याकडे उशिरा आलेल्याला पहिल्या दिवसापासून मागे पडलेला समजतात.

"आयटीच संपत चालली, टीसीएसने २०२५ मध्ये बारा हजार लोक कमी करायचे ठरवले, आणि तुम्ही पोरांना तिकडे ढकलता?" हा आक्षेप मला रोज ऐकावा लागतो. एआयमुळे पहिली गदा येते ती पाठ केलेला कोड टंकणाऱ्यावर, म्हणजे नेमके सहा महिन्यांच्या क्लासने जे शिकवले त्यावर. यंत्राने लिहिलेला कोड चुकीचा कुठे आहे हे ओळखायला ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस आणि तर्कशास्त्र लागते. त्याला दोन वर्षे लागतात, आणि नवख्याला त्याआधीचे काही महिने. प्रत्येकाने आयटीतच जावे असे मी म्हणत नाही. ज्याला संगणकापेक्षा पॅकेजच जास्त आवडते, त्याने दोन वर्षे वाया घालवू नयेत, बीएड करावे, दुकान टाकावे. ज्याला खरेच यायचे आहे, त्याला मात्र अर्ध्या पाण्यात सोडू नका.

एमसीएची सीईटी साधारण मार्चच्या आसपास होते. गणित, तर्क, इंग्रजी आणि संगणकाची मूलभूत माहिती त्यात विचारतात. प्रवेशाच्या फेऱ्या संपून वर्ग भरायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. म्हणजे परीक्षेआधीचे तीन-चार महिने आणि नंतरचे चार-पाच महिने हातात असतात. त्यात सेट, रिलेशन, इंडक्शन शिकवता येते, सी किंवा पायथनमध्ये रोज दोन तास हाताने कोड लिहून घेता येतो. शब्द आधी उर्दूत-मराठीत समजावून मग इंग्रजीत न्यावेत. शिकवायला आपल्याच बिरादरीतले इंजिनिअर आहेत, शनिवार-रविवार मोकळे असतात. त्यांना मानधन द्या, फुकटात बोलावलेला माणूस तिसऱ्या आठवड्याला गळतो. पोरींसाठी वेळ दिवसाची ठेवा आणि येण्याजाण्याचे भाडे द्या, निम्म्या घरांतला नकार तिथेच विरघळेल. फी घ्या, पण थोडी, आणि पोरगा एमसीएच्या पहिल्या सत्रात पास झाला की परत करा. तीस पोरांच्या एका तुकडीला जे लागेल ते या वर्षीच्या मंडपाच्या, फ्लेक्सच्या आणि ट्रॉफ्यांच्या बिलाशेजारी ठेवून कोणत्या ट्रस्टने जाहीर करायची तयारी आहे, ते सांगा. पुढची सीईटी मार्चमध्ये आहे, तुकडी डिसेंबरच्या आत बसली पाहिजे.