आधी मुलाचे डोळे तपासा

मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी बोळिंजला म्हाडाच्या इमारतींजवळून गेले, की मुलांचे दोन-तीन डाव एकाच वेळी रंगलेले दिसतात. गेल्या वर्षी त्यांतल्याच एका अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे वडील माझ्या दवाखान्यात आले. तक्रार सर्दी-तापाची होती, पण निघता निघता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, याला एखादं टॉनिक द्या. रोज दोन तास सराव करतो, पण टायमिंग काही बसत नाही. लक्षच नसतं याचं." मुलगा खाली मान घालून उभा होता.

मी टॉनिक दिले नाही. भिंतीवरच्या तक्त्यातील अक्षरे वाचायला सांगितली. वरच्या दोन-तीन ओळींनंतर तो अडखळला. वर्गातही फळ्यावरचे तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता, हे तेव्हा कळले. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवल्यावर दोन्ही डोळ्यांना उणे दीडचा नंबर निघाला. वर्षभर त्या पोराने बोलणी खाल्ली, ती नीट न दिसणाऱ्या चेंडूपायी!

टायमिंग म्हणजे काय, हे समजून घेऊ. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला पाऊण सेकंदही लागत नाही. त्यातही डोळ्यांनी पाहून हात हलेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद खर्ची पडतात. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या इंग्लंडमधील संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून २००० साली प्रसिद्ध केल्या. चेंडू हातातून सुटताना फलंदाज तो पाहतो आणि मग त्याची नजर चेंडूच्या आधीच टप्प्याच्या जागेवर जाऊन थांबते. कसलेल्या फलंदाजाची नजर तेथे लवकर पोहोचते. पण सुटणारा चेंडूच धूसर दिसला, तर टप्प्याचा अंदाज यावा कसा?

दुसरी गोष्ट झोपेची. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ साली हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढल्या. लहानपणी तो विरारहून लोकलने वांद्र्याला सरावाला जात असे. त्याचे उदाहरण देऊन आपण मुलांना पहाटे उठवतो. रात्री अकरापर्यंत चालणारा टीव्ही आणि मोबाईल मात्र बंद करत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. पेंगुळलेला मुलगा चेंडूला उशिराच पोहोचणार.

तिसरी गोष्ट बॅटची. "वाढत्या अंगाचा आहे, पुढे चालेल" म्हणून आपण मोठी बॅट घेतो. मुलाला वरच्या एका हाताने बॅट समोर आडवी धरून काही क्षण स्थिर ठेवता आली नाही, तर ती त्याला जड आहे असे समजावे. जड बॅट वेळेवर खाली येत नाही.

हे तिन्ही ठीक असेल, तर घरच्या अंगणात एक सोपा सराव करून पाहा. टेनिसचा चेंडू हळू, खालून टाका. टप्पा पडताच मुलाने "टप्पा" म्हणायचे, बॅटला लागताच "लागला". डोके स्थिर ठेवायचे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. चेंडू जमू लागला, की वेग थोडा थोडा वाढवावा.

चष्मा लागला म्हणून खेळ मात्र बंद करू नका. अंशुमन गायकवाड आणि क्लाइव्ह लॉइड चष्मा लावूनच कसोटी खेळले. उलट, दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांना लघुदृष्टी लागण्याचा धोका कमी होतो, असे आता दिसून आले आहे. फक्त काच सहज न फुटणारी, पॉलिकार्बोनेटची घ्यावी आणि सीझनच्या चेंडूने खेळताना हेल्मेट घालावे.

तो मुलगा आता चष्मा लावून खेळतो. मोठा खेळाडू होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण परवा रस्त्यात भेटला, तेव्हा मान वर करून बोलला. पालकहो, मुलाला "लक्ष दे" म्हणून ओरडण्याआधी एकदा त्याला दिसते तरी का, एवढे पाहा.